माळवदावरची माती

पत्रे घ्यायला आलेला माणूस आधी आपलं घर लहान करून सांगतो. तेवढाच माल कमी लागेल, असं त्याला वाटत असावं. आखाडा बाळापूरला आमचं लोखंड-सिमेंटचं दुकान आहे. नवरा माल आणायला आणि पोहोचवायला सारखा बाहेर असतो, त्यामुळे गल्ल्यावर मी बसते. लग्न होऊन आले तेव्हा मला खिळा आणि स्क्रू यांतला फरकसुद्धा धड कळत नव्हता. आता समोरच्यानं लांबी-रुंदी सांगितली की पत्रे किती, चौकोनी पाईप किती, भिंत वर उचलायची असेल तर विटा किती आणि सिमेंटच्या गोण्या किती, हे मी चहा गार व्हायच्या आत सांगते.

पण लांबी-रुंदी बरोबर सांगेल तर तो माणूस कसला! कुणी पावलं मोजून येतो आणि पावलं कुणाची म्हणून विचारलं तर म्हणतो, पोराची. पुसेगावकडचा एक गृहस्थ सुतळीला गाठी मारून आला होता. एक गाठ दाराची, एक खिडकीची, एक भिंतीची. दुकानात येईपर्यंत कोणती गाठ कशाची हे तो विसरला, आणि वर मलाच म्हणाला, तुमीच सांगा ना अंदाजानं. मी त्याला तसाच परत पाठवला. माझा आवाज मोठा आहे आणि तो मला लहान करता येत नाही. नवरा म्हणतो, तुझ्या धाकानं तरी गिऱ्हाईक घरातून नीट मोजून निघतं.

माझं म्हणणं एवढंच असतं, की अंदाज म्हणजे मनाला येईल ते नव्हे. पत्र्यावर पत्रा चढतो, तेवढी रुंदी वाया जाते. भिंतीच्या बाहेर पत्रा थोडा काढावा लागतो, नाहीतर पाणी भिंतीवर उतरतं. या गोष्टी धरल्या नाहीत की शेवटचा पत्रा कमी पडतो आणि माणूस पुन्हा टमटम करून येतो आणि मलाच बोल लावतो. म्हणून मी दोनदा विचारते, तीनदा विचारते. इतक्या घरांचा हिशेब मी असा भांडून भांडून बरोबर बसवला. माझा अंदाज सपशेल चुकला तो माझ्या माहेरच्या घराचा. त्यातही पत्र्यांचा बरोबर आला, मातीचा चुकला.

माझं माहेर कुरुंद्याच्या पुढं, आत एका लहान गावात आहे. घर मातीचं, वर माळवद. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भिंतींवर आणि लाकडी खांबांवर जाड तुळया टाकतात, तुळयांवर आडव्या फळ्या आणि काटक्या, त्यावर पाला, आणि त्यावर माती. वरचा थर पांढऱ्या मातीचा, कारण ती पाणी आत सोडत नाही. उन्हाळ्यात माळवदाखाली इतकं गार असतं की दुपारी दार लोटून घेतलं तर पंख्याची आठवण होत नाही. पण पावसानं ती माती दरवर्षी थोडी धुपून जाते. म्हणून दरवर्षी मिरगाच्या आधी वर नवी माती टाकायची असते. ज्या घरावर माती पडली नाही त्या घरात आळशी माणसं राहतात असं गावात धरलं जायचं.

आमच्याकडे हे काम माय आणि बाबा दोघं मिळून करायचे. गावाबाहेरच्या पांढरीतून, म्हणजे पांढऱ्या मातीच्या टेकाडातून, बैलगाडीनं माती यायची. माय खालून टोपलं भरून डोक्यावर घ्यायची, शिडी चढायची आणि वर ओतायची. बाबा ती पसरायचे आणि बडवून चोपायचे. आम्हा दोघा भावंडांना वर यायला बंदी होती, म्हणून आम्ही हमखास वर जायचो. बाबा ओरडायचे, माय टोपल्याखालून हसायची. संध्याकाळी तिचं तोंड, केस, भुवया सगळं पांढरं झालेलं असायचं आणि भाऊ तिला म्हातारी म्हातारी म्हणून चिडवायचा. आज ती खरीच म्हातारी आहे आणि तसं म्हणायला भाऊ जवळ नसतो. तो पुण्याला कंपनीत आहे.

बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. माय त्या घरात एकटी राहू लागली. घर म्हणजे पुढं ओसरी आणि आत दोन खोल्या. एकीत चूल, मडकी आणि मायची बाज. दुसरी आमची खोली. दिवाळीला भाऊ बायको-पोरांसह यायचा, भाऊबिजेला मी पोरांना घेऊन जायची आणि सगळे त्या खोलीत ओळीनं झोपायचो. दोन रात्री, फार तर तीन. बाकी वर्षभर ती खोली बंद असायची. माय ती आठवड्याला सारवायची आणि पुन्हा कडी लावायची.

दर उन्हाळ्याच्या शेवटी मी फोनवर विचारायची, माती पडली का माळवदावर? ती म्हणायची, गडी लावला व्हता, झालं टाकून. मी म्हणायची, बरं झालं. मला दुकानात माणसं असायची, तिलाही फोनवर फार बोलायची सवय नव्हती. विषय तिथं संपायचा.

मग आमच्या भागात जमिनीतून आवाज यायला लागले. पेपरवाले त्याला गूढ आवाज म्हणतात, आमच्याकडे जमीन गुरगुरली म्हणतात. खूप खोलवर दगड गडगडत जावा तसा आवाज येतो आणि मग भांडी वाजतात. कधी नुसता आवाज, कधी हलकासा धक्का. वसमत, कळमनुरी, औंढा, सगळीकडच्या गावांत लोक बाहेर येऊन उभे राहतात, थोडा वेळ बोलतात आणि परत घरात जातात. सवय कशाचीही होते. साहेब लोक गावात येऊन सांगून गेले की मातीच्या घरात झोपू नका, पत्र्यांवर दगड ठेवले असतील तर काढून घ्या. दगड काढले काहींनी. मातीच्या घरातल्यांनी झोपायचं कुठं, हे त्यांनी सांगितलं नाही.

माझी झोप उडाली. माळवदाचं घर पडतं तेव्हा काय होतं हे मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भिंत फुगते, खांब सरकतो आणि वरची सगळी माती एकदम खाली येते. त्याखाली सापडलेला माणूस ओरडूसुद्धा शकत नाही. मी मायला म्हटलं, बाळापूरला ये. ती म्हणाली, जावयाच्या घरी म्या किती दिवस राहू? भाऊ म्हणाला, पुण्याला ये. तिथं ती एकदा राहून आली होती. चौथ्या मजल्यावर तिला दिवस कळत नव्हता की रात्र. मग मी म्हटलं, निदान माळवद काढून पत्रे टाकू. तर म्हणे, तुह्या बापानं टाकलेलं माळवद हाय, माह्यामागं काय करायचं ते करा.

आम्ही कडाकडा भांडलो. मी तिला फोनवर इतकं बोलले की दुकानातली दोन गिऱ्हाइकं मागच्या मागं निघून गेली. तिच्यावर काही परिणाम नाही. स्वतःच्या जिवाचं तिला काही वाटतच नाही हे मला कळेना, आणि कळलं तेव्हा मी नेम धरून बोलले. म्हटलं, ठीक आहे, तू दबून मर. पण दिवाळीला आम्ही सगळे तिथं झोपतो. लेकरांवर पडलं तर?

 मग ती म्हणाली, "कधी येतीस माप घ्यायला?"

मी दुसऱ्याच दिवशी गेले. बरोबर आमच्या ओळखीचे मिस्त्री होते. बाळापूरचेच, मुसलमान, त्यांचे वडीलही लाकडाचं आणि घरबांधणीचंच काम करायचे. आमच्या दुकानाची बरीच कामं तेच करतात आणि माझ्या आवाजाला न घाबरणारे बाळापुरात जे कुणी आहेत त्यांत त्यांचा नंबर वरचा. पदर खोचून मी शिडी चढले तेव्हा शेजारच्या बाया हसायला लागल्या. माय खालून म्हणाली, "सांभाळून. मधी पाय नको टाकू, कडंकडंनं चाल."

लांबी-रुंदी मी टेपनं घेतली. खोल्यांची, ओसरीची, भिंतींच्या जाडीची. तिथं चूक व्हायचं कारण नव्हतं. नंतर बघायचं होतं की माळवदावर माती किती आहे, कारण ती उतरवून ट्रॅक्टरनं न्यावी लागणार होती आणि ट्रॉल्या आधी सांगून ठेवाव्या लागतात. मायच्या खोलीत एका बाजूला गळायचं हे मला ठाऊक होतं. बाजेच्या शेजारी तिनं पातेलं ठेवलेलं असायचं. ती गळकी जागा बघावी म्हणून मी तिथंच वरून सळई खुपसली. वीतभर आत गेली नाही तोच लाकडाला लागली. मला बरंच वाटलं. एवढीच माती आहे, म्हणजे भार फार नाही.

पलीकडे आमच्या खोलीवर उंचवटा दिसत होता. पाणी वाहून जावं म्हणून माळवदाला उतार देतातच, तो बाबांनी ठेवलेला असणार असं मी धरलं. घर एक, माळवद एक, मग इकडं वीतभर तर तिकडंही वीतभरच असणार. मिस्त्रीही म्हणाले, बराबर. मी तिथंच उभ्या उभ्या गुणाकार केला आणि ट्रॅक्टरवाल्याला फोन करून ट्रॉल्या सांगून टाकल्या. खाली उतरले तेव्हा माय चहा घेऊन उभी होती. तिनं विचारलं, माती शेतात टाकता येईल का? पांढरी माती शेताला चांगली, फुकट कशाला घालवायची? मी म्हटलं, टाकू.

काम उन्हाळ्यात काढलं. चार माणसं माळवदावर चढली आणि मायच्या खोलीवरची माती सकाळीच संपली. ठरल्याप्रमाणे. मी ओसरीत बसून पाईप आणि पत्रे मोजून घेत होते आणि मनातल्या मनात स्वतःवर खूश होते. मग ती माणसं आमच्या खोलीवर गेली. दुपारच्या जेवणापर्यंत सांगितलेल्या सगळ्या ट्रॉल्या भरून गेल्या आणि वरून फावड्याचा आवाज येतच राहिला. ट्रॅक्टरवाला मला म्हणाला, वैनी, तुमी माप घेतलं व्हतं का नुसतं पाहून सांगितलं? हे वाक्य मी दुसऱ्यांना रोज म्हणते. मला राग आला आणि मी परत शिडी चढले.

वर माणसांनी मधोमध चर पाडला होता. त्या चराच्या बाजूला माती उभी कापली गेली होती आणि ती माझ्या गुडघ्याच्या वर येत होती. मला आधी कळलंच नाही मी काय बघतेय. मातीत आडव्या रेघा होत्या. माळवदावर पावसाळ्यात गवत उगवतं, दिवाळीनंतर वाळतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्यावर नवी माती पडते. ते गवत कुजून काळी बारीक रेघ राहते. दोन रेघांमधली माती म्हणजे एका वर्षाची.

खालचे थर जाड होते, सरळ, बडवून घट्ट बसवलेले. ते बाबांच्या हातचे. त्यांच्यावर पातळ थर सुरू होत होते. वेडेवाकडे, कुठं जास्त कुठं कमी, नीट न बडवलेले. टोपल्याटोपल्यानं ओतलेल्या मातीचे लहान लहान ढीग तसेच एकमेकांशेजारी बसले होते, आणि असे थर एकावर एक कितीतरी होते. कुणा गड्यानं टाकलेली माती अशी नसते. गडी मोठं घमेलं भरतो आणि फावड्यानं पसरतो. हे एवढ्याशा टोपल्याचं काम होतं, आणि टोपलं कुणाचं ते मला विचारावं लागलं नाही.

मी खाली आले. माय चुलीपाशी माणसांसाठी भाकरी करत होती. मी विचारलं, गडी लावत होतीस ना तू? तिनं तव्यावरून नजर उचलली नाही. मी पुन्हा विचारलं. तेव्हा तिनं जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. बाबा गेल्यावर पहिल्या वर्षी तिनं गडी पाहिला होता, पण सगळे हळदीच्या शिजवणीला गुंतलेले. मग म्हटलं, आपणच टाकावी. सगळ्या घरावर टाकायची ताकद राहिली नव्हती. एका खोलीपुरती होती.

"मंग तुह्या खोलीवर काहून न्हाई टाकली?" मी म्हटलं. मी तिच्याशी बोलताना आपोआप तिच्यासारखी बोलायला लागते. "तुही खोली गळत व्हती ना?"

"म्या एकली," ती म्हणाली. "बाज इकडची तिकडं केली की भागतंय. तुमी येता ते सगळे खाली निजता. लेकरायच्या अंगावर पानी पडलं तर पुन्यावाली पुन्हा येईल का?"

आम्ही दिवाळीला जातो. दिवाळीपर्यंत आमच्याकडे पाऊस संपलेला असतो. एखाद्या वर्षी एखादी सर येते. त्या एका सरीसाठी बाई सत्तरीच्या घरात डोक्यावर माती घेऊन शिडी चढत होती, स्वतःच्या बाजेला गळतीखालून ओढत होती आणि फोनवर मला गडी लावला म्हणून सांगत होती. मला रडू आलं आणि त्याच वेळी तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मी परातीतल्या पिठाला हात लावला तर ती म्हणाली, तुला जमत न्हाई, सोड.

इथंच ही गोष्ट थांबली असती तर मी ती आजही हसत सांगितली असती. आमची माय कशी वेडी आहे म्हणून. पण संध्याकाळी उन्हं कलल्यावर मिस्त्री आमच्या खोलीत शिरले, तुळया उतरवायच्या म्हणून. त्या खोलीत मायनं छताखाली जुनी लुगडी एकमेकांना शिवून ताणून बांधलेली होती, वरची माती लेकरांच्या डोळ्यांत पडू नये म्हणून. मिस्त्रींनी ती सोडली आणि वर बघून तोंडानं च् च् केलं. मधली तुळई भेगाळलेली होती. भेग इतकी की आत माझी चार बोटं गेली असती. टोकाला ती भिंतीतून निसटून हातभर खाली आलेली होती आणि कशाच्या आधारावर उभी होती ते मिस्त्रींनाही सांगता येईना.

मिस्त्री मनानं साधे. त्यांना आनंद झाला होता की काम वेळेवर निघालं. ते दारात उभ्या असलेल्या मायला म्हणाले, "मावशी, खुदाची मेहरबानी समजा. एवढी माती वर, पावसात भिजली की अजून जड, अन् ही तुळई अशी. धक्का लागायची बी गरज नव्हती. पैली हीच खोली बसली असती."

"कोणती?" माय म्हणाली.

"हीच. तुमची खोली राहिली असती. तिच्यावर वजनच न्हाई."

मी मिस्त्रींकडे असं पाहिलं की ते बोलायचे थांबले. पण व्हायचं ते झालं होतं. माय आत आली. तिनं तुळईकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे. ती जमीन तिनं त्याच आठवड्यात सारवली होती. आता पुन्हा लाकडं पडून ती उकरली जाणार हे तिला ठाऊक होतं तरी सारवली होती.

"मागच्या दिवाळीला इथं किती जण निजले व्हते?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, माय, सोड ना ते. झालं ना आता. ती ऐकत नव्हती. तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. भाऊ, भावजय, त्यांची दोन. मी, माझी दोन. मग थोडं थांबून ती म्हणाली, जावई ओसरीत व्हते, आणि एक बोट तिनं उचललंच नाही. इतकं तिला आठवत होतं. कोण कुठल्या बाजूला झोपलं, कुणाच्या अंगावर कोणतं पांघरूण होतं, सगळं. माझ्या धाकटीला तिनं मधोमध झोपवलं होतं, कडेला थंडी लागते म्हणून. त्या तुळईच्या बरोबर खाली.

मी जन्मभर मापं घेत आले, पण एखाद्या माणसाच्या तोंडावरून असं काही उतरताना मी पाहिलं नव्हतं. ती रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. तिनं ती सोडलेली लुगडी गोळा केली, घडी घातली आणि बाहेर गेली. नंतर ट्रॅक्टरवाला विचारायला आला की उरलेली माती शेतात कोणत्या बाजूला टाकू, तर ती म्हणाली, शेतात नको, कोनाला बी देऊन टाका.

पत्रे बसले. माझा पत्र्यांचा अंदाज तंतोतंत आला, एकही कमी पडला नाही. भिंतींच्या वर विटांचे दोन थर घेतले, सिमेंटचा पट्टा ओतला, त्यावर पाईप आणि पाईपांवर पत्रे. बायाबापड्या बघायला आल्या आणि चांगलं झालं म्हणाल्या. वारा येईल म्हणून एका शेजाऱ्यानं वर दगड ठेवायला काढले, त्याला मी खालूनच असं झापलं की तो दगडासकट घरी गेला. घर हलकं झालं होतं. आता धक्का बसला तर फार तर पत्रा वाजेल, हे मी मायला नाना तऱ्हेनं समजावून सांगितलं. ती व्हय व्हय म्हणायची.

पावसाळा गेला. दिवाळीच्या आधी तिचा फोन येतो, दरवर्षी, कधी येता म्हणून. या खेपेला आला नाही. मीच केला. ती म्हणाली, औंदा तुमी नका येऊ, पुन्यावाल्याला बी सांगितलं म्या, लेकरायच्या शाळा असतात. मी म्हटलं, दिवाळीत कसली शाळा? ती म्हणाली, म्याच येते बाळापूरला. भाऊबिजेला ती सकाळच्या गाडीनं आली. लेकरांना जवळ घेतलं, करंज्या दिल्या आणि दुपारी परत निघाली. पोरं तिच्या मागं लागली, आज्जी आम्ही येतो तुझ्यासंगं. तिनं त्यांचे हात सोडवले. हात सोडवताना ती इतकी घाईत होती की धाकटी हिरमुसून आत गेली.

मला वाटलं, थोडे दिवस जाऊ द्यावे. पण ते तसंच राहिलं. सणवार आले नि गेले. आम्हाला ती बोलवत नाही. मी आपणहून गेले तर जेवू घालते, बोलते, शेजारणीच्या सुनेच्या चहाड्या सांगते, आणि उन्हं कलायच्या आधी मला गाडीची वेळ सांगते. मुक्काम करते म्हटलं की तिला काहीतरी काम निघतं. ती स्वतः कुठं झोपते हे मी शेजारणीला विचारलं. आतच झोपते म्हणाली, मस्त घोरते. म्हणजे भीती तिला स्वतःची नव्हतीच.

मागच्या महिन्यात जमीन पुन्हा गुरगुरली. भांडी वाजली, लोक बाहेर आले, कुणाचं काही झालं नाही. मी ठरवलं की आता पुरे. गाडी धरली आणि गेले. दुपारची जेवणं झाल्यावर मी आमच्या खोलीची कडी काढली, चटई टाकली आणि सरळ आडवी झाले. मायला म्हटलं, बघ, हे घर माझ्या हातानं मोजलेलं आहे, इथं काही होत नाही. मी झोपते, तू बघत बस. ती म्हणाली, उठ माय, खाली गार हाय. मी म्हटलं, नाही उठत. हट्टानं डोळे मिटले.

मला वाटलं होतं, मी खरंच झोपले असं दिसलं की तिचा जीव भांड्यात पडेल. सकाळच्या प्रवासाचा शीण होता, म्हणून पत्र्याखाली उकडत होतं तरी खरोखरच डोळा लागला असावा. जाग आली ती कुणीतरी जवळ श्वास घेतंय म्हणून. डोळे उघडले तर ती माझ्यावर ओणवी उभी होती. एक पाय माझ्या या बाजूला, एक त्या बाजूला. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, पाठ वर छपराकडे. घामानं तिचं तोंड भिजलं होतं आणि पाय थरथरत होते. किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे.

मी उठून बसले, तिला धरून खाली बसवलं आणि तिचे गुडघे चोळत राहिले. थोड्या वेळानं ती म्हणाली, साडेचारची गाडी असती. मी पिशवी उचलली आणि निघाले.